स्वेच्छेने

मोनिकाने सुक्या मेव्याचा डबा टीपॉयवर ठेवला आणि बोटांनी तो विजयश्रीच्या बाजूला सरकवला.

"अण्णांनी पाठवलाय. म्हणाले, बाईंकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

विजयश्रीने डब्याकडे पाहिले, पण हात लावला नाही. रविवार होता. गॅलरीत कंपनीचा निळा ॲप्रन वाळत होता आणि मोनिकाची नजर दोनदा तिकडे जाऊन आली. मोनिका ही साहेबराव अण्णांची सून. शाळेचा कारभार आता तीच पाहायची. ज्या शाळेत विजयश्रीने वर्षानुवर्षे मराठी शिकवली, तीच ही शाळा.

"पुढच्या रविवारी अण्णांची पंच्याहत्तरी करतोय, शाळेच्या मैदानावर. मानपत्र तुम्ही लिहावं अशी त्यांची इच्छा आहे."

"आता नव्या बाई आहेत की तुमच्याकडे."

"त्यांनी लिहिलं होतं. सूर्यासारखे तेजस्वी, सागरासारखे अथांग, असं काय काय. अण्णांनी निम्म्यात थांबवलं. म्हणाले, विजयश्रीबाईंकडे जा. त्या नाही म्हणायच्या नाहीत."

विजयश्रीने साडीचा पदर उगाचच सारखा केला.

"खरं सांगू मॅम," मोनिका मोकळेपणाने म्हणाली, "तुम्ही शाळा सोडलीत याचं त्यांना अजून वाईट वाटतं. मी तुमचा राजीनामा वाचलाय फाईलमध्ये. इतकं सुंदर कुणी लिहीत नाही जाताना. स्वेच्छेने जाते आहे, संस्थेने मला लेकीसारखं सांभाळलं... मला तर भरून आलं."

"चहा ठेवते," विजयश्री म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. लायटर नुसताच वाजत राहिला. तिच्या लक्षात आले की गॅसचा नॉब तिने फिरवलेलाच नाही.

तो राजीनामा तिने अण्णांच्या केबिनमध्ये, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून लिहिला होता. अण्णांच्या पुतण्याची बायको बी.एड. होऊन घरी बसली होती आणि तिला जागा हवी होती. मग एक दिवस काही पालकांची तक्रार निघाली की मराठीच्या बाई मुलांना घालूनपाडून बोलतात. ते पालक कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही. अण्णांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"चौकशी लावली तर तुमचीच बदनामी होईल. तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुमीच लिवा."

तिने लिहिले. त्यांनी वाचले आणि कागद परत दिला.

"‘स्वेच्छेने’ घाला त्यात. पुढं कुठं नोकरीला गेलात तर तुमालाच बरं पडंल."

तिने तो शब्द वर घातला. जागा अपुरी होती, जोडाक्षर फिसकटले. अण्णांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला.

"‘च्छे’ नीट न्हाई आला. मराठीच्या बाई तुमी. दुसऱ्या कागदावर काढा."

आणि तिने सगळा राजीनामा पुन्हा लिहिला होता. नोकरी गेल्याचे दुःख हळूहळू बोथट झाले. ते ‘च्छे’ मात्र झाले नाही. भाजी चिरताना, बसची वाट पाहताना ते मध्येच समोर यायचे आणि तिची बोटे आपोआप मुडपायची.

ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा स्वच्छ होता.

"लिहिते," ती म्हणाली.

"थँक्यू, मॅम! फक्त एक, जरा सिंपल ठेवा. अलंकारिक नको."

"मी आता साधंच लिहिते," विजयश्री म्हणाली.

हे खरे होते. शाळेतली नोकरी सुटल्यावर नवऱ्याच्या ओळखीने तिला निघोज्याच्या एका कारखान्यात काम मिळाले होते. तिथे गाड्यांच्या दारांचे सुटे भाग प्रेसच्या यंत्रांवर पत्रा दाबून काढत आणि प्रत्येक प्रेसवर काम कसे करायचे याचा फलक मराठीत लावायचा असे. प्रशिक्षण विभागाचे व्यवस्थापक हिंदुराव यांना कुणीतरी सांगितले की या बाई मानपत्रे फार छान लिहितात. त्यांनी मान डोलावली आणि तिला एक टेबल दिले.

तिने पहिला फलक लिहिला: ‘यंत्राच्या सान्निध्यात कार्य करताना सदैव दक्षता बाळगणे आवश्यक आहे.’ हिंदुरावांनी तो दोनदा वाचला.

"बाई, भाषा झकास आहे. पण यात हात कुठं ठेवायचा?"

तिला राग आला होता. हिंदुरावांनी मग तिला सरळ प्रेसवर नेऊन उभे केले. तिथे करिष्मा नावाची नांदेडकडची मुलगी काम करत होती. विजयश्री दिवसभर तिच्या शेजारी उभी राहिली. हात कधी पुढे जातो, घाई कशाने होते, भीती कुठे वाटते, सगळे तिला विचारले. दुसरा फलक असा झाला: ‘दोन्ही हात बटणांवर ठेवा. प्रेसचे दार पूर्ण बंद झाले का बघा. मग दाबा.’ पण खाली एका ओळीत सवयीने तिने दाराऐवजी ‘झडप’ लिहिले. तोच शब्द पुन्हा नको म्हणून. शाळेत ती मुलांना हेच शिकवत असे.

करिष्मा फलकाकडे बघत राहिली. "मॅडम, दार कोनतं अन् झडप कोनती? दोन हायेत का?"

त्या दिवसापासून विजयश्रीने एका वस्तूला एकच शब्द ठेवला. कितीही वेळा येऊ दे, बदलायचा नाही. विशेषणे गेली. जे घडते ते, ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने. आणि तिला एक नवलाची गोष्ट उमगली. अशी वाक्ये एकाखाली एक लावली की वाचणाऱ्याचे डोळे आपोआप पुढे सरकतात. मागच्या बाकावरच्या मुलांना कविता वाचून दाखवताना ती आवाजाने जे करायची, ते इथे शब्द तोच ठेवून होत होते. माणूस पुढच्या ओळीत काय येणार हे आधीच ओळखू लागतो आणि ते आले की त्याला बरे वाटते.

मोनिका गेल्यावर विजयश्रीने डबा उचलून शेजारच्यांना देऊन टाकला आणि टेबलाशी बसली.

मानपत्रे तिने पुष्कळ लिहिली होती. कुठे ‘दातृत्वाचा महामेरू’, कुठे ‘ज्ञानगंगेचा भगीरथ’. आज त्यातले एकही नको होते. तिने शाळेचा सगळा इतिहास आठवला, जसा तो शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना सांगितला जाई. पहिले मुख्याध्यापक कसे मुदतीच्या आत निवृत्त झाले. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या शालनबाईंच्या बचत गटाने काम कसे सोडले आणि ते अण्णांच्या मुलाकडे कसे गेले. प्रवेशाच्या वेळी पालक इमारतीसाठी देणगी कशी देतात. आणि सगळ्यात जुनी गोष्ट, भैरूतात्यांची.

भैरूतात्या म्हणजे शाळेच्या मैदानाचे मूळ मालक. गावातले जुने शेतकरी. आजूबाजूच्या जमिनींवर आता बारा बारा मजली इमारती होत्या आणि त्या जमिनी विकणाऱ्यांच्या दारात मोठ्या गाड्या. भैरूतात्या मात्र अजून सायकलवर फिरत. शाळेच्या बक्षीस समारंभाला ते न बोलावता येत आणि मागे भिंतीला टेकून उभे राहत. अण्णांनी त्यांच्याकडून जागा कशी लिहून घेतली, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत होते. प्रत्येकाच्या सांगण्यात थोडा फरक असे, एवढेच. विजयश्रीचे त्यांच्याशी ‘काय तात्या, बरं आहे ना?’ यापलीकडे कधी बोलणे झाले नव्हते.

तिने लिहिले. एकही विशेषण नाही. एका गोष्टीला एकच शब्द. लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचले, आणि शाळेतली नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच ती एकटीच, अगदी मनापासून हसली. आपले स्वतःचे नाव तिने त्यात घातले नाही. त्याची गरजच नव्हती.

मोनिकाने फोनवरच मजकूर वाचला. "मॅम, किती क्लासी आहे हे! नुसतं काम बोलतंय. तुमचाही उल्लेख करायचा होता ना."

"मानपत्र अण्णांचं आहे," विजयश्री म्हणाली.

रविवारी उन्हे कलल्यावर मैदान भरले. मंडपात पुढे सोफे, मग खुर्च्या, मागे सतरंज्या. गाव सगळे आले होते. आजी-माजी शिक्षक होते, पालक होते, शालनबाई आणि त्यांच्या गटातल्या बायका एका रांगेत बसल्या होत्या. ते पहिले मुख्याध्यापक काठी टेकत आले आणि कडेची खुर्ची धरून बसले. भैरूतात्या नेहमीसारखे मागे, भिंतीपाशी. विजयश्री मधल्या रांगेत बसली. अण्णा व्यासपीठावर फेटा बांधून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच हात जोडत होते. तिलाही त्यांनी जोडले. तिने मान लववली.

सूत्रसंचालन समर्थ नावाचा तरुण करत होता. आवाज खणखणीत. त्याने मानपत्राची चौकट दोन्ही हातांत धरली आणि वाचायला सुरुवात केली.

"आदरणीय साहेबराव अण्णा. आपण शाळा काढायचे ठरवले तेव्हा शाळेला जागा नव्हती. श्री. भैरू यांनी आपली जागा स्वेच्छेने दिली."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी मागे वळून भैरूतात्यांकडे पाहिले.

"शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी आपल्या मार्गदर्शनाखाली काम केले. मुदत पूर्ण होण्याआधी त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली."

टाळ्या वाजल्या, पण थोड्या विस्कळीत. कडेच्या खुर्चीवरचे म्हातारे सर काठीच्या मुठीकडे बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"शालनबाई आणि त्यांच्या बचत गटाने मुलांसाठी अन्न शिजवले. पुढे त्यांनी हे काम स्वेच्छेने सोडले. ते काम आता आपले चिरंजीव पाहतात."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. बायकांच्या रांगेतून एक बारीक आवाज निघाला आणि पदराआड गेला. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्यांनी रुमाल काढून तोंडाला लावला. समर्थला काही कळेना. तो आणखी ठासून वाचू लागला.

"या शाळेच्या इमारतीचा प्रत्येक मजला आपल्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्यासाठी पालकांनी प्रत्येक प्रवेशाच्या वेळी..."

त्याने श्वास घेतला. तेवढ्या अवकाशात सतरंजीवरून कुणीतरी ओरडले,

"स्वेच्छेनं!"

मंडप हशाने फुटला. खुर्च्या हलल्या, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. शालनबाई डोळे पुसत होत्या. समर्थ लालबुंद होऊन वाचत राहिला आणि पुढच्या प्रत्येक ओळीला तो शब्द त्याने उच्चारण्याआधीच सतरंज्यांवरून येत राहिला. मोनिका व्यासपीठाच्या पायरीवर उभी होती. तिचे हसू आधी तसेच राहिले, मग ओठांवरून निघून गेले. तिने गर्दीत विजयश्रीला शोधले नाही. सासऱ्यांकडे पाहिले.

अण्णांनी मात्र शोधले. फेट्याखालचे त्यांचे डोळे रांगांवरून फिरत आले आणि विजयश्रीवर थांबले. ती खुर्चीत ताठ बसली होती. तिने नजर खाली घेतली नाही. हात मांडीवर होते, बोटे उघडी. ती त्यांच्या तोंडावरचा रंग कसा उतरतो ते सावकाश, शेवटपर्यंत पाहत राहिली.

सत्काराला उत्तर द्यायला अण्णा उठले. माईक हातात घेऊन त्यांनी घसा खाकरला.

"आपन सगळ्यांनी केलेला हा सत्कार मी..."

"स्वेच्छेनं!" या वेळी दहा-बारा आवाज होते.

अण्णा तसेच उभे राहिले. मग माईक समर्थच्या हातात देऊन खाली बसले. गावाने त्यांना बोलता बोलता बसलेले कधी पाहिले नव्हते.

जेवणाच्या रांगा लागल्या तेव्हा विजयश्री उठली. वाटेत कितीजणांनी तिचा हात धरला. जुन्या सरांनी तर तिच्या डोक्यावर हात ठेवला. शालनबाई म्हणाल्या, "बाई, आज जेवन अंगी लागंल." विजयश्री हसत, मान हलवत फाटकाकडे निघाली. तिचे पाय हलके झाले होते. इतक्या वर्षांत हे मैदान एवढे लहान कधी वाटले नव्हते.

फाटकाजवळच्या नळावर भैरूतात्या हात धूत होते. जेवलेले दिसत नव्हते. ती जवळ आल्यावर त्यांनी नळ बंद केला.

"बाई, त्ये तुमीच लिव्हलं ना?"

"हो, तात्या." तिला वाटले, आता हेही काहीतरी कौतुकाचे म्हणतील. ती थांबली.

"माजं नाव पयलंच व्हतं."

"तुमच्यापासूनच तर सुरुवात झाली, तात्या. तुमची जागा त्यांनी..."

"अण्णा मागाया आलाच नव्हता," भैरूतात्या म्हणाले. ओले हात ते धोतराला पुसत होते, सावकाश, एकेक बोट. "मीच गेल्तो त्याच्या दारी. माजी थोरली आळंदीच्या शाळंत चालत जायाची. पावसाळ्यात वढ्याला पानी आलं का दोन दोन दिस घरी. मंग सोडली तिनं. हुशार व्हती. तवा म्हनलं, आपल्याकडं जागा हाय, गावातच हू दे शाळा. बाकीच्या पोरींचं तरी व्हईल. अण्णा म्हनला, पैसं घे. म्या न्हाई घेतलं."

मंडपात भांड्यांचा आवाज चालू होता.

"पन लोक सांगायचे की तुमच्याकडून लिहून घेतली," ती शेवटी म्हणाली.

"लोक सांगायचे. मला ठावं हाय." त्यांनी टोपी काढून झटकली. "अण्णाचं बाकीचं समदं खरं हाय. त्यो तसलाच हाय. त्याला हसले, बरं झालं. मी बी हसलो शालनबाईच्या वक्ताला. पन माजं वायलं व्हतं, बाई."

"मी बदलते ते, तात्या. नव्याने लिहून देते. मोनिकाला सांगते, तुमचं वाक्य वेगळं..."

"काय बदलनार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी खरोखरच विचारले होते. "शबुद तर त्योच हाय. मला इचारलं असतं, तर मी बी त्योच सांगितला असता."

तिने तोंड उघडले. आपणहून, राजीखुशीने, मनापासून, असे एकेक शब्द तिच्या डोक्यात आले आणि मंडपातल्या त्या हसण्यात एकेक करून बुडाले.

जेवून बाहेर पडणारी चार-पाच माणसे फाटकाकडे आली. सगळी गावातली, भैरूतात्यांना लहानपणापासून ओळखणारी. त्यांतल्या एकाने सुपारी कातरता कातरता तात्यांना पाहिले आणि तो प्रेमाने ओरडला,

"काय तात्या! न जेवता चालले? स्वेच्छेनं का?"

सगळे हसले. भैरूतात्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, सायकलचे हँडल धरले आणि त्या माणसाकडे पाहून तेही हसले.